बालेकिल्ल्याचा भाव ९६ वर का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची एक जागा एका पक्षाने मागच्या वेळी ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकली होती. पाच महिन्यांनी तिथे पोटनिवडणूक आहे आणि प्रेडिक्शन मार्केटवर (निकालावर पैसे लावायच्या ऑनलाइन बाजारावर) त्या पक्षाचा भाव ९६ सेंट दिसतो. म्हणजे हरण्याची शक्यता खरंच पंचविसात एक आहे का? आणि हाच हिशेब कसबा, चिंचवड, बारामतीला लावता येईल का?

पहिल्याचं उत्तर असं की त्या चार सेंटांतला साधारण निम्मा भाग धोक्याचा नसतोच. तो पैसे अडकून पडण्याचा आणि फीचा असतो, आणि उरलेल्यातही बाजार किती पातळ आहे यावर बरंच ठरतं. दुसऱ्याचं उत्तर, लावता येतो. पण आपल्याकडे जागा सुरक्षित आहे असं म्हणताना ती कशामुळे सुरक्षित आहे, हे आधी तपासावं लागतं. पुण्यातले लोक नेमके तिथेच चुकतात. हे सगळं भाव वाचण्याबद्दल आहे, पैसे लावण्याबद्दल नाही. कायद्याचा मुद्दा पुढे येईलच.

आधी वेळेचा हिशेब. उमेदवार जिंकला तर एका काँट्रॅक्टला १ डॉलर मिळतो, हरला तर शून्य. ९६ सेंटला घेणाऱ्याला पाच महिन्यांनी ४ सेंट सुटतात, म्हणजे ४.१७ टक्के. तेच पैसे वर्षाला ४ टक्के देणाऱ्या सरकारी रोख्यात ठेवले तर पाच महिन्यांत कोणताही धोका न घेता १.६७ टक्के मिळतात. म्हणून शंभर टक्के खात्रीची गोष्टसुद्धा आज १०० सेंटला कोणी घेणार नाही, ९८.४ च्या आसपास घेईल. त्यात फी धरा. कॅल्शी या अमेरिकी बाजाराचं सर्वसाधारण सूत्र आहे ०.०७ गुणिले काँट्रॅक्टची संख्या गुणिले भाव गुणिले (१ वजा भाव), आणि येणारी रक्कम वरच्या सेंटाला पूर्ण करायची. ९६ सेंटच्या १०० काँट्रॅक्टना ती २७ सेंट होते, म्हणजे नगाला पाव सेंटाहून किंचित जास्त. आता उलटं गणित करा: (०.९६ + ०.००२७) × १.०१६७ = ०.९७९. पडद्यावरचे ९६ म्हणजे खरे ९७.९, आणि धोका चार टक्क्यांवरून दोनवर आला. काही बाजार अडकलेल्या पैशांवर व्याज देतात. तिथे वेळेची ही वजावट करायची नाही, नाहीतर धोका उगाच कमी दिसतो. नियमावलीत ही ओळ आधी शोधा.

दुसरी गोष्ट म्हणजे बेरीज. समजा चार उमेदवारांचे ‘येस’ भाव ९६, ५, २ आणि १ आहेत. बेरीज १०४. बहुतेक जण प्रत्येक भावाला १०४ ने भागतात आणि आघाडीच्या उमेदवाराला ९२.३ टक्के देऊन मोकळे होतात. बालेकिल्ल्यात ही पद्धत हमखास फसते. जास्तीचे ते चार सेंट सगळ्यांवर सारखे बसलेले नसतात, दुबळ्या उमेदवारांवर बसलेले असतात. एक-दोन सेंटचं काँट्रॅक्ट लोक लॉटरीच्या तिकिटासारखं घेतात. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं तर ९८-९९ सेंट अडकवून एक-दोन सेंट कमवायचे, त्याला कोण तयार होणार? म्हणून तो फुगवटा टिकून राहतो. यावर बरा उपाय म्हणजे प्रत्येक भावाला (डॉलरमध्ये, म्हणजे ९६ ऐवजी ०.९६) एकच घात लावायचा आणि बेरीज १ होईपर्यंत तो घात वाढवत न्यायचा. वरच्या आकड्यांना घात १.१६ येतो. मग शक्यता मिळतात ९५.४, ३.१, १.१ आणि ०.५. भागाकाराच्या पद्धतीपेक्षा तीन टक्क्यांचा फरक, आणि सुरक्षित जागेत तीन टक्के म्हणजे जवळजवळ सगळा धोका. स्प्रेडशीटमध्ये ‘गोल सीक’ने हे अर्ध्या मिनिटात होतं. फक्त वेळेची दुरुस्ती आणि घाताची दुरुस्ती दोन्ही पूर्णच्या पूर्ण लावू नका. बेरीज १०० च्या वर जाते त्याचं एक कारण पैसे अडकणं हेच आहे, त्यामुळे तीच वजावट दोनदा होते.

आता ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बोल्यांची यादी. पडद्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून खालची यादी उघडा. एका पातळ बाजाराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. खरेदीच्या बोल्या: ९४ सेंटला १२० नग, ९३ ला ४००, ९० ला १५००. विक्रीच्या बोल्या: ९७ ला ६० नग, ९८ ला ९००, ९९ ला ५०००. पॉलीमार्केट हा दुसरा मोठा बाजार अशा वेळी दोन्हींच्या मधला आकडा दाखवतं, म्हणजे ९५.५. हा आकडा म्हणजे कोणी केलेला सौदा नाही, निव्वळ सरासरी. आणि सगळ्यात वरची खरेदी आणि सगळ्यात खालची विक्री यांतलं अंतर १० सेंटांहून जास्त झालं तर तिथे शेवटच्या सौद्याचा भाव दिसतो. तो सौदा तीन दिवसांपूर्वीचा आणि १५ नगांचा असला तरी तोच.

‘नो’ म्हणजे उमेदवार हरेल यावरचं काँट्रॅक्ट, त्याचा भाव १०० वजा ‘येस’चा भाव. याच बुकात कोणी ५२० ‘नो’ घेतले तर ९४ आणि ९३ वरच्या दोन्ही बोल्या संपतात. त्याला खर्च किती? १२० नगांचे प्रत्येकी ६ सेंट आणि ४०० नगांचे प्रत्येकी ७ सेंट, मिळून ३५ डॉलर २० सेंट. सुमारे तीन हजार रुपयांत सगळ्यात वरची खरेदी ९० वर येते आणि पडद्यावर ९३.५ दिसू लागतं. उलट बाजूला ९७ आणि ९८ च्या विक्रेत्यांना संपवून भाव वर न्यायचा तर ९४० डॉलर लागतात. जवळजवळ सत्तावीसपट! बालेकिल्ल्याच्या बाजारात भाव खाली ढकलणं स्वस्त आणि वर नेणं महाग, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘चोवीस तासांत दोन टक्क्यांनी घसरण’ असा स्क्रीनशॉट आला की आधी उलाढाल बघा. काही शे डॉलरची उलाढाल असेल तर ती बातमी नाही.

म्हणून अशा बाजाराकडून आकडा घेण्याआधी स्वतःचा एक आकडा कागदावर मांडलेला हवा. पद्धत सोपी आहे: मागचं मताधिक्य, त्यातून या हंगामातला सरासरी कल वजा, आणि उरलेल्याला असा अंदाज साधारण किती टक्क्यांनी चुकतो त्या पल्ल्याने (प्रमाण विचलनाने) भागायचं. २०२५ मधल्या दोन पोटनिवडणुका घ्या. फ्लोरिडाचा सहावा मतदारसंघ २०२४ ला ट्रम्प यांनी सुमारे ३० टक्क्यांनी जिंकला होता. १ एप्रिलच्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन रँडी फाइन सुमारे १४ टक्क्यांनी आले. टेनेसीच्या सातव्यात ट्रम्प यांची आघाडी सुमारे २२ होती. २ डिसेंबरला मॅट व्हॅन एप्स सुमारे ९ टक्क्यांनी जिंकले. दोन्ही जागा टिकल्या, पण मताधिक्य १३ ते १६ टक्क्यांनी घटलं. तुमच्या प्रश्नातल्या ३० मधून १५ वजा केले तर १५ उरतात. हा चुकीचा पल्ला साडेसात धरला तर आपण दोन विचलनं दूर आहोत, म्हणजे हरण्याची शक्यता सव्वादोन टक्क्यांच्या जवळ. वर बाजारातून काढलेल्या दोन टक्क्यांशी हे छान जुळतं. जुळलं नसतं तर दोन्हीपैकी कुठे चूक आहे हे शोधायला लागायचं, आणि ती चूक बहुतेक वेळा आपल्या साडेसातच्या अंदाजात निघते.

या गणितात न मावणारा धोका उमेदवाराचा असतो. अलाबामात १९९२ नंतर डेमोक्रॅट सेनेटर निवडून आला नव्हता आणि २०१६ ला ट्रम्प तिथे जवळपास २८ टक्क्यांनी जिंकले होते. तरी डिसेंबर २०१७ च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन रॉय मूर यांच्यावर ऐन प्रचारात गंभीर आरोप झाले आणि डेमोक्रॅट डग जोन्स सुमारे २२ हजार मतांनी निवडून आले. असा झटका मताधिक्याच्या आलेखातून कधीच दिसत नाही. उमेदवार जाहीर होण्याआधी त्यासाठी एखादा टक्का वेगळा राखून ठेवावा असं माझं मत आहे. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की तो निम्म्यावर आणावा.

काँट्रॅक्ट पक्षावर आहे की उमेदवारावर, हे न वाचता घोळ घालणारे खूप. प्राथमिक फेरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) व्हायची असेल तर उमेदवाराचा भाव म्हणजे दोन शक्यतांचा गुणाकार असतो. तिकीट मिळण्याची शक्यता ७० टक्के आणि मिळाल्यावर जिंकण्याची ९७ असेल तर भाव ६८ दिसणार. तो बघून ‘बालेकिल्ला ढासळतोय’ म्हणणं चूक आहे. ढासळतंय काही असेल तर त्या माणसाचं तिकीट. आपल्याकडे हाच प्रश्न जागावाटपाचा होतो. ‘महायुती जिंकेल’, ‘भाजप जिंकेल’ आणि ‘अमुक उमेदवार जिंकेल’ ही तीन वेगळी विधानं आहेत. मैत्रीपूर्ण लढत झाली तर तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

आता कसबा. गिरीश बापट १९९५ पासून सलग पाच वेळा तिथून आमदार होते. २०१९ ला मुक्ता टिळक २८ हजारांहून जास्त मतांनी आल्या. नुसतं मताधिक्य बघणाऱ्या सूत्राने भाजपला ९५ च्या पुढे सहज दिलं असतं. प्रत्यक्षात पोटनिवडणुकीच्या २ मार्च २०२३ च्या मतमोजणीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजारांनी जिंकले. हा चमत्कार नव्हता. २००९ चा निकाल काढून बघा: बापट सुमारे ८ हजारांनी आले होते, दुसऱ्या क्रमांकावर मनसेकडून हेच धंगेकर होते, तिसऱ्यावर काँग्रेस, आणि या दोघांची बेरीज बापटांच्या मतांपेक्षा बरीच जास्त होती. म्हणजे जागा भाजपच्या पन्नास टक्क्यांवर उभी नव्हती, समोरच्यांच्या फाटाफुटीवर उभी होती. २०२३ ला महाविकास आघाडीने एकच उमेदवार दिला, तोही पेठांमध्ये स्वतःची मतं असलेला. भाजपची उमेदवारी टिळक घराण्याबाहेर गेली. सूत्राला यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याला फक्त पहिल्या दोघांमधलं अंतर दाखवलेलं असतं.

कसब्याबरोबरच चिंचवडमध्येही पोटनिवडणूक झाली आणि तिथे उलट चित्र आलं. भाजपच्या अश्विनी जगताप यांना सुमारे १ लाख ३५ हजार मतं, राष्ट्रवादीच्या नाना काटे यांना ९९ हजार, बंडखोर राहुल कलाटे यांना ४४ हजार. मताधिक्य ३६ हजार, भक्कम वाटणारं. आता बंडखोराची ७० टक्के मतं काटे यांना दिली आणि उरलेली घरी बसली असं धरलं, तर अंतर पाचेक हजारांवर येतं. ३६ हजारांची जागा आणि ५ हजारांची जागा यांचे भाव एक असूच शकत नाहीत. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही ‘सुरक्षित’ जागेवर हीच पहिली चाचणी लावावी: मागच्या तीन निवडणुकांत विजेत्याची मतं एकूण वैध मतांच्या किती टक्के होती ते लिहा, मग तिसऱ्याची ७० टक्के मतं दुसऱ्याला द्या. तरीही जागा १० टक्क्यांच्या फरकाने टिकत असेल तर तिला बालेकिल्ला म्हणा. कसबा या चाचणीत २००९ च्या आकड्यांवरच नापास होत होता. २०२४ ला हेमंत रासने यांनी तो जवळपास १९ हजारांनी परत घेतला, तेव्हा मनसेचा उमेदवार पुन्हा वेगळा होता आणि काँग्रेसमध्ये बंडखोरीही झाली होती.

कोणती निवडणूक आधाराला घ्यायची, यातही लोक चुकतात. २०२४ च्या लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे जवळपास ४८ हजारांनी पुढे होत्या. सहाच महिन्यांनी विधानसभेला त्याच मतदारांनी अजित पवारांना एक लाखाच्या वर मताधिक्य दिलं. लोकसभेचे आकडे घेऊन विधानसभेचा भाव काढणाऱ्याचा अंदाज दीड लाख मतांनी चुकला असता. विधानसभेला विधानसभेचाच आधार घ्या. मधली लोकसभा फक्त कल कुठे आहे ते बघायला, आणि तीही घराण्याची किंवा व्यक्तीची लढत नसेल तेव्हाच.

सगळ्या सुरक्षित जागा एकाच रात्री मोजल्या जाणार असतील तर त्यांचे धोके एकमेकांना बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांची साउथ वेस्ट नॉरफोकची जागा २०१९ ला २६,१९५ मतांनी सुरक्षित होती. जुलै २०२४ ला ती ६३० मतांनी गेली. त्या रात्री एकटी तीच गेली नाही, लाटेत तसल्या कितीतरी गेल्या. म्हणून ‘९७ चे भाव खरे ठरतात का’ हे तपासताना एका रात्रीच्या पन्नास जागांना पन्नास स्वतंत्र पुरावे समजू नका. आणि स्वतंत्र असले तरी ९७ च्या शंभर बाजारांत एकही हार न होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या जवळ असते, सहा किंवा जास्त हारी होण्याची ८ टक्क्यांच्या. दोन-तीन हंगामांच्या नोंदींवरून ‘बाजार आंधळा आहे’ किंवा ‘बाजाराला सगळं कळतं’ असं म्हणणाऱ्या दोघांकडेही पुरेसा पुरावा नसतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराच्या भावांबद्दल थोडंच. तिथली भाषा उलटी आहे: भाव जितका कमी तितकी शक्यता जास्त. २० पैसे भाव म्हणजे एक रुपया लावून २० पैसे सुटणार, म्हणून शक्यता १ भागिले १.२०, म्हणजे ८३ टक्के. ५ पैसे म्हणजे ९५ टक्के. ‘भाव वाढला’ याचा अर्थ उमेदवार पडतोय असा होतो, आणि पुण्यातल्या ग्रुपांवर तो सर्रास उलटा लावला जातो. पण वाचता आलं तरी त्या आकड्याला काय किंमत द्यायची? ना ऑर्डर बुक, ना उलाढाल, ना सौद्याची वेळ. वर ३५ डॉलरचा जो तपास केला तो तिथे करताच येत नाही. मी तो आकडा कोणत्याही हिशेबात धरत नाही.

कायद्याचं: ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, आणि बँकांनाही त्याचे व्यवहार करायला मनाई आहे. ‘ओपिनियन ट्रेडिंग’ची ॲप्स त्यानंतर बंद झाली. व्हीपीएन लावून परदेशी बाजारात पैसे टाकायच्या भानगडीत पडू नका. भाव बघायला खातं किंवा पैसे लागत नाहीत. शिवाय मतदानाच्या काळात एक्झिट पोल प्रसिद्ध करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ ने बंदी आहे, आणि २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने माध्यमांना या काळात ज्योतिषी-विश्लेषकांची भाकितंही देऊ नका असं कळवलं होतं. त्या काळात बाजारभावाचे स्क्रीनशॉटही ग्रुपवर टाकू नयेत हे बरं.

निकालानंतरचा भाव हाही गोंधळाचा विषय. अमेरिकेत वृत्तसंस्थांनी विजेता जाहीर केला तरी भाव लगेच १०० होत नाही. पॉलीमार्केटवर आधी कोणीतरी अनामत ठेवून निकाल सुचवतो, मग आक्षेपासाठी दोन तास थांबतात, आक्षेप आला तर निकाल नव्याने सुचवतात, आणि पुन्हा आक्षेप आला तर प्रकरण त्या व्यवस्थेचे डिजिटल टोकन बाळगणाऱ्यांच्या मतदानाला जातं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वेळेत टपालात पडलेल्या मतपत्रिका नंतरचे सात दिवस स्वीकारतात. तोवर भाव ९९ च्या आसपास रेंगाळतो, त्यात राजकारण काही नसतं.

आपल्याकडे मोजणी एका दिवसात उरकते, पण फेऱ्यांचा क्रम फसवतो. एका विधानसभेला साधारणपणे १४ टेबलं असतात, एका फेरीत १४ केंद्रांची मशिनं. समजा २७० केंद्रं आहेत, तर २० फेऱ्या. केंद्रांचे क्रमांक भागवार लागलेले असल्याने पहिल्या पाच फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच टोकाच्या असू शकतात. ‘पाच फेऱ्यांत तीन हजारांची आघाडी, म्हणजे वीसमध्ये बारा हजार’ हा त्रैराशिकाचा हिशेब इथे चालत नाही. त्याऐवजी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून मागच्या निवडणुकीचा नमुना २० उतरवून घ्या, त्यात केंद्रवार मतं असतात. त्याच १४-१४ केंद्रांच्या फेऱ्या पाडून शेजारच्या रकान्यात मागच्या वेळची त्या फेरीपर्यंतची आघाडी लिहा. मागच्या वेळी पाचव्या फेरीला हाच पक्ष सात हजारांनी पुढे होता आणि आज तीन हजारांनी असेल, तर आघाडीवर असूनही त्याची जागा धोक्यात आहे. केंद्रांची यादी मात्र ताडून घ्या. मधल्या काळात केंद्रं फोडली किंवा जोडली गेली असतील तर क्रमांक सरकतात, आणि एका क्रमांकाने सरकलेला रकाना वीसच्या वीस फेऱ्या चुकीच्या दाखवतो.